कूपनावरची पहिली ओळ

मुन्शीजी टाक दौतीत बुडवायचे, दौतीच्या काठावर दोनदा टेकवून जास्तीची शाई झटकायचे आणि मग तो फॉर्मवर न टेकवता तसाच हवेत धरून समोरच्याला विचारायचे, "वाचणार कोण?"

समोरचा हिंदी बोलणारा असला तर, "पढ़ेगा कौन?"

उत्तर मिळेपर्यंत टाक खाली यायचा नाही. घाईतली माणसं चिडायची.

"अरे मुन्शीजी, जिसको पैसा जाएगा वही पढ़ेगा, और कौन?"

"उसको पढ़ना आता है?"

"नहीं आता."

"फिर?"

या 'फिर'पाशी बहुतेक लोक अडायचे. आपली बायको, आपली आई, आपल्या गावचा पोस्टमन डोळ्यांसमोर आणू लागायचे. मुन्शीजी टाक धरून थांबलेले. मागे रांग वाढत चाललेली.

मध्यभारत राज्याच्या त्या वर्षांत तुमच्यापैकी कुणी इंदूरहून गावाकडे मनीऑर्डर केली असेल, तर राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवरचा तो पोस्टाचा व्हरांडा तुम्हाला आठवेल. एका टोकाला कडुनिंब, दुसऱ्या टोकाला स्टॅम्पवाल्याची पेटी, मध्ये दगडी खांब. पहिल्या खांबाला टेकून मुन्शीजी बसत. गोणपाटावर, पुढे उतरतं डेस्क, डोक्यावर काळी टोपी. पूर्वी ते दरबारच्या एका कचेरीत मसुदे लिहीत. संस्थान विलीन झालं, कचेऱ्या बदलल्या, सरकार सहा महिने ग्वाल्हेरला जाऊ लागलं आणि जुन्या माणसांपैकी काहींना घरी बसावं लागलं. मुन्शीजी घरी न बसता व्हरांड्यात येऊन बसले. अंगातला कोट दरबारच्याच दिवसांतला होता. फक्त त्याची राजमुद्रेची बटणं काढून साधी शिंगाची लावलेली होती, आणि दोऱ्याचा रंग जुळत नव्हता.

दुसऱ्या खांबाला टेकून मी बसत असे. हे लिहायला मला थोडा संकोच वाटतो, पण ते न सांगता त्यांच्याबद्दल सांगता येणार नाही. मला त्यांचा फार हेवा वाटायचा.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, होळकरांच्या पलटणीत हवालदार होते. पलटण मोडली आणि आबा एका कापड गिरणीच्या फाटकावर पहारेकरी झाले. त्यांना सही येते, आकडे येतात, पण चार ओळी लिहायला बसले की घाम येतो. कॉलेजची फी भरायला हातभार लागावा म्हणून मी दुपारी तास संपल्यावर व्हरांड्यात फॉर्म लिहायला बसू लागलो. पुठ्ठ्याचा एक फलकही रंगवला होता: 'शुद्ध मराठी, हिंदी व इंग्रजी लेखन करून मिळेल. बी. ए.चा विद्यार्थी.' रंगवायला दोन दिवस लागले.

पहिल्या दिवशी मुन्शीजी मुद्दाम उठून आले. चष्मा कपाळावर चढवून, मान मागे घेऊन त्यांनी फलक सावकाश वाचला.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. मग फॉर्म हातात घेऊन व्हरांड्यात उभ्या असलेल्या गिरणीतल्या माणसांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मला हळूच विचारलं, "पण बी.ए.साहेब, वाचणार कोण?"

माझे कान गरम झाले. फलक मी काढला नाही. महिनाभर तो तसाच होता आणि त्या महिन्यात तो फक्त दोघांनी वाचला, एक मुन्शीजी आणि एक खिडकीतले बाबू.

मनीऑर्डरच्या फॉर्मला तळाशी एक छोटं कूपन असे. पैसे पाठवणाऱ्याने निरोप लिहायचा तो तिथे. तीन-चार बोटं जागा. पोस्टमन पैसे देताना ते कूपन फाडून घरच्या माणसाच्या हातात ठेवी. पण घरच्यांना वाचता येत नसेल, आणि बहुतेकांना येत नसे, तर तोच अंगणात उभा राहून मोठ्याने वाचून दाखवी. सासू ऐके, शेजारीण ऐके, कुंपणापलीकडचा दीरही ऐके. मुन्शीजींचं सगळं काम या अंगणासाठी चालायचं. एखादा नुकतंच लग्न झालेला पोरगा लाजत लाजत काही सांगायला लागला की ते त्याला थांबवायचे. "बेटा, डाकिया मर्द है. उसके मुँह से ये सुनेगी तेरी घरवाली?" पोरगा लाल होई. मग मुन्शीजीच लिहीत, 'आम का पेड़ कैसा है, लिखवाना,' आणि त्याला विचारत, "समझ जाएगी?" तो हसून मान हलवी. आंब्याच्या झाडाचं काय होतं ते त्या दोघांना ठाऊक. मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पैसे पोचल्याची पावती परत यायची. तिच्यावर घेणाऱ्याचा अंगठा असे. लोक ती पावती घेऊन पुन्हा मुन्शीजींकडे येत आणि ते उजेडाकडे धरून अंगठा वाचत. हो, अंगठाच!

"आटा मळत होती तुझी अम्मा. बघ, कडेला पीठ लागलंय. तब्येत ठीक आहे."

"हा बहुत घाई का अंगठा है. बच्चा रो रहा होगा."

मला हे सगळं ढोंग वाटे. घरी एकदा मी माझ्या अंगठ्याला शाई लावून चार ठसे उमटवले आणि बराच वेळ बघत बसलो. काही कळलं नाही. त्याचाही मला राग आला, आणि तो त्यांच्यावर आला.

लोक त्यांच्यापुढे उन्हात उभे राहत आणि मी सावलीत रिकामा बसे. मी दर निम्मा केला. तरी यायचे ते घाईतले, नाहीतर मुन्शीजी जेवायला गेले असताना आलेले. हेही मी सहन केलं असतं. पण माझे आबासुद्धा त्यांच्याकडेच जायचे.

आबा दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी आत्याला पैसे पाठवत. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, विधवा, रामपुऱ्याकडच्या एका खेड्यात राहते. ती माझ्या जन्माआधीपासून तिथेच आहे आणि मी तिला फार तर दोनदा बघितलं होतं. मी व्हरांड्यात बसू लागलो तेव्हा मला वाटलं, आता आबा माझ्याकडून लिहून घेतील. मी चांगला टाकही आणून ठेवला होता.

आबा आले. माझ्यापाशी क्षणभर थांबले. "जेवलास का?" विचारलं. मी हो म्हटलं. मग ते पुढे गेले आणि मुन्शीजींसमोर उकिडवे बसले.

"या हवालदारसाहेब," मुन्शीजी म्हणाले.

गिरणीत आबांना कुणी हवालदार म्हणत नव्हतं. तिथे ते 'ए फाटकवाले' होते. मुन्शीजींनी म्हटल्याबरोबर त्यांचे खांदे सरळ झालेले मी दुसऱ्या खांबापासून बघितले. मग आबा बोलू लागले. घरी दोन वाक्यांच्या वर न बोलणारा हा माणूस मुन्शीजींच्या कानाशी वाकून बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. मुन्शीजी मान डोलावत होते. एकदा तर दोघे हसले. मी फॉर्मच्या गठ्ठ्याकडे बघत बसलो.

घरी मी धीर करून म्हटलं, "आबा, मी लिहून देत जाईन ना. मुन्शीजींना कशाला त्रास?"

"त्यांचं चालून राहिलंय ना ठीक," आबा म्हणाले, "तू तुझा अभ्यास बघ."

पुढच्या महिन्यात मी मुन्शीजींनाच विचारलं, "आबा आत्याला काय लिहितात?"

ते टाक पुसत होते. "ते ज्याला वाचायचंय त्याला लिहिलंय. पोचलं असेल आतापर्यंत."

त्याच्या पुढच्या महिन्यात मी जे केलं ते लिहिताना मला लाज वाटते. आबा गेल्यावर मुन्शीजी पाणी प्यायला उठले, तेव्हा मी त्यांच्या डेस्कवरचा टिपकागद उचलला, घडी करून खिशात घातला आणि घरी आरशासमोर धरला. एकावर एक टिपलेल्या पन्नास फॉर्मांची अक्षरं. त्या जंगलात मला दोनच शब्द ओळखता आले. एक होता 'पोरगा'. तो दोन ठिकाणी होता. आणि दुसरा 'भीती'.

म्हणजे आबा माझी तक्रार करत होते. पोरगा नापास होईल, पोरगा वाया जाईल, अशी काही भीती त्यांना वाटत असणार, आणि ती मला न सांगता व्हरांड्यातल्या एका परक्या माणसाला सांगत होते. तो आठवडा मला जेवण गोड लागलं नाही.

टिपकागद उचलला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुन्शीजींनी माझ्यासमोर नव्या टिपकागदाचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या डेस्कवर ठेवला आणि एक माझ्याकडे सरकवला.

"हा तुमचा. कोरा आहे," ते म्हणाले.

याच सुमारास माझ्या हातून ती चूक झाली. मुन्शीजी नव्हते म्हणून उत्तरेकडच्या प्रतापगडचा एक गिरणी कामगार माझ्याकडे आला. त्याच्या बोटाला यंत्रात जखम झाली होती, चार दिवस खाडा पडला होता. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. बोट यंत्रात सापडलं, चार दिवस दवाखान्यात होतो, म्हणून पैसे थोडे कमी, आता बरा आहे, काळजी नसावी. एकही शब्द गाळला नाही. बारीक अक्षरात सगळं कूपनात बसवलं आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दोन आठवड्यांनी तो कामगार आला तो बरोबर एका म्हाताऱ्याला घेऊन. त्याचे वडील. गावच्या पोस्टमनने अंगणात 'उँगली मशीन में' एवढं वाचलं आणि त्याच्या आईने जो टाहो फोडला, त्यात पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. म्हातारा शेजाऱ्याकडून भाड्याचे पैसे घेऊन तीन गाड्या बदलून इंदूरला आला. मुलगा मेला असं समजूनच आला होता. व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो मुलाचं ते बांधलेलं बोट हातात धरून होता. सोडतच नव्हता.

"बाबूजी ने तो सही लिखा था," कामगार मुन्शीजींना म्हणाला. माझ्यावर रागावलादेखील नाही.

मुन्शीजींनी त्याच्या आईसाठी नवं कूपन लिहिलं. पहिली ओळ, 'पिताजी पहुँच गए, हम दोनों ने साथ खाना खाया.' बोटाबद्दल काही नाही.

ते दोघे गेल्यावर मी बोलणी खायला तयार होतो. मुन्शीजी म्हणाले, "तुम्ही खोटं काही लिहिलं नाही. पण पहिली ओळ कोणती, ते बघितलं नाही. पहिल्या ओळीनंतर अंगणात एकतर रडणं सुरू होतं, नाहीतर हसणं. पुढची ओळ कुणी ऐकत नाही, बी.ए.साहेब."

त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांचा मनातल्या मनात राग राग करू शकलो असतो. पण ते बरोबर होते, आणि वर सौम्य होते. हेव्याला याहून अवघड माणूस मिळणार नाही.

त्या दिवसापासून मीही विचारू लागलो, "पढ़ेगा कौन?" पण दबक्या आवाजात. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

गेल्या दिवाळीत आबांना गिरणीतून रजा मिळाली नाही. भाऊबीजेला आत्याकडे त्यांच्या जागी मी जायचं ठरलं. बस रामपुऱ्याला पोचली. तिथून गावापर्यंत पायवाट होती. वाटेत खाकी कपड्यातला एक माणूस सायकल ढकलत येत होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तम इंदौर वाला हवालदार साब का छोरा हो कईं?"

मी हो म्हटलं.

"वही, जो पैदल कॉलेज जाता है? हिस्ट्री लिया है ना आपने?" तो माळवीवरून हिंदीवर आला आणि त्याचा चेहरा उजळला. "चप्पल नई आई कि वही चल रही है?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो गावचा पोस्टमन होता. आत्याच्या आळीत शिरलो तर दोन बायका ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या. एकीने दुसरीला सांगितलं, "हाच तो, इंग्रजी वाचताना ओठ हलतात तो." माझे ओठ हलतात हे मलाही माहीत नव्हतं.

ओवाळून झाल्यावर आत्याने कोनाड्यातून एक लोखंडी तार काढली. तारेत खोचलेली कूपनं. सगळी मुन्शीजींच्या अक्षरात. छोटे छोटे शब्द, कुठेही जोडाक्षरांची गर्दी नाही. मला एकदम कळलं की हे असं लिहिलंय ते माळवी बोलणाऱ्या पोस्टमनच्या जिभेला मराठी पेलावी म्हणून.

"ताई, पोरगा पास झाला. पेढे आणले ते त्याने आधी मला दिले."

"ताई, पोरगा कॉलेजात पायी जातो. सायकल देणं होत नाही. कुरकूर करत नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं."

"ताई, पोरगा शिकतो ते बघायला फार आवडतं. बोलायला भीती वाटते. माझं काही चुकलं तर तो हसणार नाही, माहीत आहे. तरी वाटते."

आणि एक, मी व्हरांड्यात बसू लागलो त्या महिन्याचं. "ताई, पोरगा आता पोस्टात बसून लोकांचं लिहितो. अक्षर मोत्यासारखं. पण मी मुन्शीजींकडेच येतो. त्याच्याबद्दलच सांगायचं असतं, ते त्याच्याकडून कसं लिहून घेऊ?"

"वाच की मोठ्याने," आत्या म्हणाली, "तो पोस्टमन वाचतो तसं."

मला वाचता आलं नाही.

तुम्हाला वाटेल, तिथे माझा हेवा संपला. खरं सांगायचं तर संपला नाही. त्या खेड्यातल्या बायकांनी, त्या सायकलवाल्या पोस्टमनने, कुंपणाआडच्या पोरांनी हे सगळं दर महिन्याला ऐकलं होतं. आणि मुन्शीजींनी तर ते आबांच्या तोंडून ऐकलं होतं. आबा कुठे थांबले, कुठे घसा खाकरला, कशावर हसले, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या वाट्याला नुसती शाई आली.

तरी परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, जाऊन त्यांच्या पाया पडायचं. टिपकागदाचंही सांगून टाकायचं.

व्हरांड्यात आलो तर पहिला खांब रिकामा होता. मध्यभारत संपून मध्य प्रदेश झाला होता. सचिवालय भोपाळला निघालं होतं, त्यात कारकून असलेला त्यांचा मुलगा निघाला आणि मुलाबरोबर ते. डेस्क नेलं होतं, गोणपाटही नेलं होतं. खांबाला त्यांची पाठ टेकून टेकून तेवढ्याच उंचीवर तेलकट काळा डाग पडलेला होता. लोक सवयीने त्या डागासमोर येऊन उभे राहत, मग इकडेतिकडे बघत आणि नाइलाजाने माझ्याकडे येत. मला इतकी गिऱ्हाइकं कधीच मिळाली नव्हती. त्यांचा पत्ता व्हरांड्यात कुणालाच माहीत नव्हता. हजारो पत्ते लिहिणाऱ्या माणसाचा पत्ता विचारून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी आबा आले. रिकाम्या खांबाकडे बघून थबकले. मग माझ्याकडे वळले आणि फॉर्म माझ्यापुढे धरला. याच क्षणाची मी दोन वर्षं वाट बघितली होती.

"लिही," आबा म्हणाले. "सगळे मजेत आहेत. तुझी तब्येत सांभाळ." पुढे काहीच येईना. ते त्यांच्या जोड्यांकडे बघत होते.

मला आत्याचं अंगण दिसलं. पोस्टमन, ओट्यावरच्या दोघी, कुंपणाआडची पोरं. आणि एवढीच एक ओळ.

"आबा," मी म्हटलं, "माझ्या तासाची वेळ झाली. आज तुम्ही त्या स्टॅम्पवाल्या भियाकडून लिहून घ्या. अक्षर बरं आहे त्याचं."

तास नव्हता. आबांनाही बहुतेक ते माहीत असावं. त्यांनी फॉर्म परत घेतला.

मी पायऱ्या उतरलो आणि कडुनिंबाआड थांबलो. आबा स्टॅम्पवाल्यासमोर उकिडवे बसले. तो तरुण आहे आणि घाईत असतो. त्याने लगेच टाक फॉर्मवर टेकवला. आबांनी त्याचा हात धरला.

"थांबा भिया, ऐसे नहीं," ते म्हणाले. एवढं मला ऐकू आलं. "आधी विचारा तर, वाचणार कोण?"

स्टॅम्पवाला चक्रावून त्यांच्याकडे बघत राहिला. मग आबा पुढे झाले, त्याच्या कानाशी वाकले आणि बोलू लागले. बराच वेळ बोलत होते. मी तिथून हललो, ऐकू येणार नाही इतका लांब जाऊन उभा राहिलो, आणि मला त्या स्टॅम्पवाल्याचा फार हेवा वाटला.